एक नंबरच्या पिंजऱ्यातली चकली

उंदीर हा मानवजातीचा थोर मित्र आहे. आजोबांच्या प्रयोगशाळेच्या दारावर तशी पाटीच आहे. पाटीखाली उंदीर पकडायचा सापळा ठेवलेला असतो. तो बाहेरच्या उंदरांसाठी.

साल २०५८. शर्वाणीच्या धाकट्या भावाला, मिहिरला, रक्ताचा कर्करोग झाला होता. पहिलं औषध लागू पडेना. उरली तीन, ती एकेक करून बघण्याइतका वेळ मिहिरकडे नव्हता. म्हणून आजोबांनी त्याच्या अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या आतला मऊ गर, रक्त तिथेच तयार होतं) थोड्या आजारी पेशी वीस उंदरांना टोचल्या. चार पिंजरे, प्रत्येकात पाच.

"आजोबा, उंदरांसमोर मास्क आपण का लावायचा?"

"तुझी एक शिंक त्यांना पुरेल. त्यांना जन्मतःच प्रतिकारशक्ती (शरीराचं पोलीस खातं) नाही."

"बिचारे!"

"ती असती, तर त्यांनी मिहिरच्या पेशी परक्या म्हणून हाकलून दिल्या असत्या. मग औषध तपासणार कशावर?"

तीन पिंजऱ्यांना तीन औषधं मिळाली. एक नंबरला नुसतं मिठाचं पाणी. शर्वाणीला हा उघड अन्याय वाटला. तिनं झाकण उचलून आत चकलीचा तुकडा टाकला.

"नियमभंग!" धोंडू हा यंत्रमानव ओरडला. त्याला हळू बोलता येत नसे.

आजोबा रागावले नाहीत. ते समजावत बसले, जे जास्त वाईट होतं.

"अगं, एक नंबर म्हणजे आपली फूटपट्टी. तिथे आजार वाढला आणि दुसरीकडे घटला, तरच श्रेय औषधाचं. आता हे पाच खंगले, तर कर्करोगानं की चकलीवरच्या जंतूंनी, कसं ओळखायचं?"

"मग मिहिरचं औषध?"

"थांबेल. जंतू लागले का ते कळायला आठ दिवस लागतील. तोवर हा पिंजरा उघडायचा नाही."

घरी मिहिर रोज विचारी, "ताई, माझे उंदीर काय म्हणतात?" ती म्हणे, "मजेत आहेत." आठ दिवस तिला जेवण गेलं नाही.

नवव्या दिवशी प्रत्येक उंदराच्या रक्ताचा थेंब तपासला. जंतूंचा मागमूस नव्हता. एक नंबरमध्ये कर्करोगाच्या पेशी वाढल्या होत्या, दोन आणि चारमध्ये थोड्या घटल्या होत्या. तीनमध्ये जवळजवळ संपल्या होत्या.

"म्हणजे मिहिर बरा होणार!"

"उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदरांत पास झालेली बरीच औषधं माणसांत नापास होतात. पण सुरुवात कुठून करायची ते कळलं. सोमवारी तीन नंबरचं औषध सुरू करू."

"आणि एक नंबरचे पाच?"

"ते वाचणार नाहीत," आजोबा म्हणाले.

शर्वाणी पिंजऱ्यापाशी गेली. निदान त्यांना चकली तरी मिळाली, असं तिनं स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी पिंजरा साफ करताना धोंडूला भुशात तो तुकडा सापडला. पाचांपैकी एकानंही तोंड लावलं नव्हतं.