धरलेली जागा

मे महिन्यात चंद्रपूरला भूत बघायला रात्रीची वाट बघावी लागत नाही. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुकानांची शटरं अर्धी खाली, डांबर पायाखाली मऊ, आणि कूलरची घरघर सोडली तर सगळं गाव मेल्यासारखं पडलेलं. अशाच एका दुपारी पुनम आपल्या सासऱ्यांना, नानाजींना, पोटाचं चित्र काढायला घेऊन आली. काम रोजचंच. त्या तपासणी केंद्रात सीटी मशीन तीच चालवायची. त्या दिवशी डब्यासोबत सासराही आणला, एवढाच काय तो फरक.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. राजुऱ्याच्या त्या घरात पुनमचा आवाज अजून फारसा कुणी ऐकला नव्हता. "सून गुणाची आहे, बोलतच नाई," असं सासू शेजारणींना कौतुकानं सांगे. पुनम मनात म्हणे, बोलायला जागा ठेवली कुठं तुम्ही?

नानाजींचं सगळं आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलं होतं. हृदयातून निघून पोटात उतरते ती मोठी रक्तवाहिनी त्यांची एका जागी फुगली होती, जुन्या ट्यूबला फुगा यावा तशी. फुटली तर माणूस हातात राहत नाही. ऑपरेशन करावं, तर त्या वयात तेही जिवावरचंच. म्हणून अधूनमधून बघत राहायचं, की अजून थांबता येईल का नागपूर गाठायचं. नुसती रुंदी मोजून ते कळत नाही. लहानसा फुगाही फुटतो आणि मोठा वर्षानुवर्षं टिकतो. केंद्रात नवीन आलेली सोय अशी होती, की नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ती भिंत कुठे किती ताणते, ते पडद्यावर रंगात दिसे. निळं म्हणजे निर्धास्त. लाल म्हणजे पळा.

"भ्यायचं काऊन?" टेबलावर आडवे होत नानाजी म्हणाले. "खाणीत छत अंगावर येता येता राह्यलं, तवा नाई भेलो. हे तर माह्यं सोताचं पोट आहे."

"मामाजी, आता हलू नका. आवाज येईल, तो सांगेल तसं करा."

तो आवाज कलाबाईचा होता. मशीनसोबत आलेल्या इंग्रजी सूचना खेड्यातल्या माणसांना कळत नसत, म्हणून केंद्रातल्या या जुन्या आयाच्या तोंडून त्या भरून घेतल्या होत्या. कलाबाई दिवाळीत वारली. आवाज तेवढा राहिला. लोक डॉक्टरांचं ऐकत नसत, तिचं ऐकत.

पुनम काचेच्या अलीकडे येऊन बसली. पलीकडची खोली थंडगार, अर्धवट अंधारलेली. स्पिरिटचा वास काचेच्या फटीतून इकडे येत होता. मशीनचं कडं घुमायला लागलं.

"दम भरा जी... धरून ठेवा... हलू नोका..."

कडं फिरलं. थांबलं. आता 'सोडा' यायला हवं होतं.

आलं नाही.

पुनमचा हात माईककडे गेला. कारण हे आधी एकदा घडलं होतं. होळीच्या सुमाराला भामरागडकडचा सुकलू नावाचा एक माणूस आला होता, असाच फुगा घेऊन. त्याच्याही वेळी 'सोडा' आलं नव्हतं. स्पीकर बिघडला असेल, असं तिला वाटलं. मेकॅनिकला काहीच सापडलं नाही. सुकलूचं चित्र निळंशार निघालं, डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं, आणि आष्टीच्या पुढे, बसमध्येच, ती नस फुटून तो गेला.

तिने माईक दाबला. "मामाजी, सोडा! श्वास सोडा!"

नानाजींची छाती हलेना. ती दार ढकलून आत धावली. ते डोळे उघडे ठेवून आपल्याच पोटाकडे बघत होते. तिला पाहिल्यावर त्यांनी लांब उसासा सोडला.

"ऐकू नाही आलं? मी सांगत होते ना, सोडा म्हणून!"

"तू सांगत होती वो... पण थे सोड म्हणेना."

"थे कोण?"

"पोटावर हात ठेवून होती थे बाई. गार हात... तिले म्हण, इतकी काऊन दाबते?"

खोलीत ती दोघंच होती.

पुनम परत पडद्यापाशी आली. आतलं चित्र सुकलूसारखंच निळं होतं. तिने आतलं बाजूला सारून वरच्या कातडीचं चित्र उघडलं आणि हळूहळू फिरवलं. बेंबीच्या डाव्या अंगाला पाच खळगे होते. बोटांचे. ओल्या मातीत दाबावीत तसे, खोल.

आताची आया सुगंधाबाई मागे येऊन उभी होती. एरवी तिचं तोंड बंद नसे. आता ती कुजबुजली, "कलाबाई..."

"काय?"

"माणूस भेला, की थे आतच उभी राहे, पोटावर हात ठेवून. किरणं लागतात म्हणून डॉक्टर वरडत. ऐकलं नाई तिनं. त्याच्यातच गेली, असं म्हणतात." पदर तोंडाला लावत ती म्हणाली, "मंग चांगलंच करून राह्यली ना, मॅडम? धरून राह्यली..."

पुनम त्या निळ्या रंगाकडे बघत राहिली. पडायला आलेल्या भिंतीला कुणी पाठ लावून उभं राहिलं, तर भिंत सरळच दिसते. तो माणूस बाजूला झाला, की मग कळतं. धरलेल्या जागेचा ताण चित्रात येणार कसा? सुकलूला 'निळं आहे, जा घरी' म्हणून सांगितलं होतं, आणि तो हात आष्टीपर्यंतच पुरला.

डॉक्टरांनी खळगे पाहिले. "पट्टा घट्ट बांधला गेला असेल. आतलं बघा, छान आहे. दिवाळीनंतर आणा."

नानाजी तोवर पायात चपला सरकवत होते. बाहेर कडुनिंबाखाली तिचा नवरा आदेश गाडीला टेकून उभा होता.

"डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता नागपूर," पुनम म्हणाली. "अँब्युलन्सनं."

आदेश लगेच अँब्युलन्स बोलवायला धावला. कमी बोलणारी बायको खोटं बोलत नाही, असा पुरुषांचा समज असतो. तो असू द्यावा.

वरोरा मागे पडलं. काचेतून येणारी झळ तोंड भाजत होती. आदेश पुढे ड्रायव्हरशेजारी होता. नानाजी डोळे मिटून पडले होते, ओठ पांढरे. पुनमने त्यांच्या बेंबीच्या डाव्या अंगाला आपला डावा हात ठेवला.

हाताला पोट लागलंच नाही. लागली ती सुरकुतलेली, बर्फासारखी बोटं.

तिने हात ओढला नाही. ओढायचं सुचलं नाही म्हणा. "बाई..." ती कशीबशी म्हणाली, "थोडंच राहिलंय... सोडू नका..."

ती बोटं उलटी वळली. त्यांनी पुनमचं चुड्यानं भरलेलं मनगट धरलं, थोडं खाली ओढलं, आणि तिचं एकेक बोट जागच्या जागी दाबून बसवलं, नव्या पोरीला काम शिकवावं तसं. मग गारवा गेला. तळव्याखाली आता ऊन कातडी होती, आणि कातडीखाली काहीतरी बाहेर यायला धडका मारत होतं.

ऑपरेशनच्या दारापर्यंत तिने हात उचलला नाही. नानाजी वाचले. "मागची भिंत कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती," तिथले डॉक्टर आदेशला म्हणाले. "इथपर्यंत पोचले कसे, तेच मला समजत नाही."

पुनम पुन्हा कामावर जाऊ लागली. मशीन आता दरवेळी वेळेवर 'सोडा' म्हणे. एकदाही चुकलं नाही. कलाबाई सुटली, असं सुगंधाबाई म्हणाली आणि तिने नारळ फोडला.

मग एका दुपारी मूल गावाकडची अन्नपूर्णाबाई आली. तिलाही तोच आजार. सगळं सुरळीत झालं, चित्र निळं निघालं. टेबलावरून उतरताना म्हातारीने पुनमचा हात धरला.

"बरं झालं बाई, तू आत होतीस. लई भेव लागत होतं मले."

"मी काचेपलीकडे होते, आजी."

"थट्टा करतेस का म्हातारीची? हात ठेवला होतास ना पोटावर? तुह्या बांगड्या रुतल्या मले."

सुगंधाबाई तिला धरून बाहेर घेऊन गेली. पुनम डाव्या हातावर भार देत पडद्यासमोर बसली आणि तिने कातडीचं चित्र उघडलं. पाच खळगे. त्यांच्यामागे, मनगटाच्या जागी, एकाला एक लागून बारीक वाकड्या रेघा, नव्या नवरीच्या भरगच्च चुड्याच्या.

दारात म्हातारीचा मुलगा आला. "मॅडम, समदं बराबर आहे ना? मंग नेऊ का मायले?"

पुनम उत्तर देणार होती. पण तिची नजर आपल्या डाव्या हातावर गेली. तो पडद्याखालच्या फळीवर पालथा होता. पाचही बोटं रोवलेली, नखं पांढरी पडलेली, आणि फळीखालून एकसारखे ठोके लागत होते.

हात उचलायचा तिला धीर होईना.