शेंड्याचं नवं पान

शहागंजातल्या कृषी केंद्रात अपेक्षा पावती फाडत होती, तेवढ्यात काउंटरवर धपकन सोयाबीनचं एक रोप आदळलं. मुळांना चिखल, आणि रोप धरलेला तरुण पावसानं नखशिखांत निथळत होता.

"हे बघा तुमचं तणनाशक! तण मरायचं सोडून माझं सोयाबीनच वाकडं झालं. नकली माल खपवता व्हय?"

सगळी गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. गल्ल्यावरून शेठ गुरगुरले, "अपेक्षा, औषध तू दिलंस, तूच निस्तर."

काय आगाऊ माणूस आहे! अपेक्षाच्या अंगाची लाही लाही झाली. आता आगाऊ माणसाच्या पापण्यांवर पावसाचे थेंब इतके शोभून दिसत होते, त्याला ती तरी काय करणार?

"नाव?"

"ऋतुराज. करमाडचा."

"उद्या रविवार. मी शेत बघायला येते. माल नकली निघाला तर नोकरी सोडीन. नाही निघाला तर इथंच, याच आवाजात माफी मागायची."

दुसऱ्या दिवशी स्कूटी चिखलातून ढकलत ती पोचली. तण छान करपलं होतं. सोयाबीन मात्र विहिरीकडं पार मुरगळलेलं, पुढं पुढं कमी, आणि बांधाजवळ ठणठणीत.

"फवारणी विहिरीकडून सुरू केलीत ना?"

"व्हय… तुम्हाला कसं कळलं?"

"औषध वाईट असतं तर सगळंच वाकलं असतं. पंप कुणाचा होता?"

"कचरूकाकाचा. त्यानं आधी मक्यावर तणनाशक…" तो मधेच थांबला.

"धुतला होता?"

"इसळला की… एकदा."

"मक्याचं औषध तळाशी राहिलं, तेच सोयाबीनला लागलं. धुण्याच्या सोड्यानं तीनदा धुवायचा असतो पंप, साहेब!"

बांधावर त्याचे वडील, तात्यासाहेब उभे होते. "कंपनी सोडून आला, म्हणून एक हंगाम दिला व्हता याला," ते म्हणाले. "पीक गेलं तर रान दुसऱ्याला बटईनं कसायला देणार, अन् यानं परत वाळूजला कंपनीत जायचं."

ऋतुराजचा चेहरा एवढासा झाला. अपेक्षाला वाईट वाटलं, अगदी मनापासून. तिनं वाकून शेंडे चाचपले.

"शेंडा जिवंत आहे. आठवडाभर थांबा. नवं पान सरळ आलं तर पीक वाचलं. एका झाडाचा रोज फोटो पाठवा मला."

सोमवारी फोटो आला. पाठोपाठ तो स्वतःच आला आणि एवढ्या मोठ्यानं माफी मागितली, की समोरचा चहावाला बाहेर आला.

"कसं आहे झाड?" मंगळवारी तिनं विचारलं.

"तुमच्यासारखंच… रुसलेलं."

बुधवारी त्यानं विचारलं, "जेवलात का?" या प्रश्नाचा सोयाबीनशी काडीचा संबंध नव्हता. तरी तिनं भाजीसकट उत्तर दिलं.

शुक्रवारच्या फोटोत झाड तसंच मुरगळलेलं होतं. पण कोपऱ्यात, शेजारच्या झाडाला… तिनं फोटो मोठा केला. नवं पान! सरळ, हिरवंगार! तिनं आनंदानं 'वाचलं!' असं टाइप केलं… आणि पुसून टाकलं. मग लिहिलं, "या झाडात काही फरक नाही. उद्याचा फोटो पाठवा."

"पाठवतो! रोज पाठवतो!"

रविवारी ती शेतात आली, तर रान कसं हिरवं झालेलं. तात्यासाहेब हसत सामोरे आले.

"पालवी गुरवारीच फुटली की, पोरी! याला म्हणलं, म्याडमला कळव, तर म्हणे नेटवर्क नाय. आता रान याच्याकडंच राहू द्या म्हणलं. बसा, चहा सांगतो."

ते गेले. ऋतुराजचे कान लालभडक झाले होते.

"नेटवर्क नव्हतं?"

"पीक वाचलं म्हणलं असतं, तर तुम्ही विचारायचं थांबला असता ना…"

"आणि ते फोटोतलं झाड?"

"तसलं एकच राहिलंय. लई जपलंय त्याला."

अपेक्षा खळखळून हसली. "मला शुक्रवारीच दिसलं होतं नवं पान."

"मग… बोलला का नाय?"

ती पायाजवळचं गवत उपटत राहिली. "माझंही नेटवर्क नव्हतं."

झिमझिम पाऊस सुरू झाला. दोघंही हलली नाहीत.

"अपेक्षा, मला तुम्ही आवडता. तात्यांना घेऊन गारखेड्याला, तुमच्या घरी येऊ?"

"मलाही… म्हणजे, या. पण आधी आईला दाखवायला एक फोटो पाठवा."

"झाडाचा?"

"तुमचा!"