सावरलेला आवाज

मैफलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरीताई हेर्लेकर शिकवत नसत, ऐकत असत. आदल्या संध्याकाळी सभागृहात बसून शिष्येनं जे कानात साठवलं, ते तिनं सकाळी गाऊन दाखवायचं, अशी त्यांच्या घराण्याची रीत होती. कागद नाही, रेकॉर्डिंग नाही. त्यांच्या गुरू यमुनाताई केणी यांना रेकॉर्डिंगचा एवढा तिटकारा, की स्वतःचं गाणं परत ऐकताना कुणी सापडली तर तिला आठवडाभर तंबोऱ्याला हात लावायची बंदी. "आपलंच गाणं ऐकत बसलं की माणूस आपल्याच प्रेमात पडतो," असं त्या म्हणायच्या. शर्वरीताईंनी हा नियम कधी मोडला नव्हता. वयाची बावन्न वर्षं झाली, तरी स्वतःची एकही मैफल त्यांनी बाहेरून ऐकलेली नव्हती.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या खोलीत आज ऋजुता मुलतानी गात होती. ती सव्वीस वर्षांची, मिरजेहून गेली बारा वर्षं येणारी, गळा तयार असलेली मुलगी. उद्या तिला कोल्हापूरला कंठमुद्रा द्यायला, सरकारदरबारी आपला गळा नोंदवायला जायचं होतं, त्यामुळे आजच्या तालमीला जरा जास्तच वजन होतं. कोपऱ्यात पेटीवर दस्तगीर मुजावर, ताईंचे जुने साथीदार.

ऋजुताने मध्यसप्तकातून उसळी घेऊन तारषड्जापर्यंत एक लखलखीत सपाट तान फेकली आणि ताईंनी हात वर केला.

"थांब. ही कुठून आणलीस?"

"काल तुम्ही घेतलीत ती, ताई."

"मी? सपाट तान सोडून वर्ष झालं मला. आणि पट्टी कुठली लावलीयस?"

"काळी चार."

"मी पांढरी चारला गायले काल. दस्तगीरभाई, सांगा हिला."

दस्तगीरभाईंनी पेटीवरची बोटंही न उचलता मान डोलावली. "पांढरी चार. बाई आता तिथंच गातात."

असं गेल्या काही महिन्यांत चारपाचदा झालं होतं. प्रत्येक वेळी ताई चिडल्या होत्या. तुझं लक्ष कुठं असतं, तिथं तू गाणं ऐकायला येतेस की साड्या बघायला, इथपर्यंत बोलल्या होत्या, आणि ऋजुता खाली मान घालून रडली होती. आज ती रडली नाही. तिनं तंबोरा खाली ठेवला.

"ताई, माझे कान वाईट असतील. पण इतके? तीन सूर वरचं ऐकू येईल इतके?"



झालं होतं ते असं. दीड वर्षापूर्वी ताईंचा गळा उतरायला लागला. आधी त्यांनीही चारचौघींसारखंच केलं. कोमट पाणी, ज्येष्ठमध, पहाटेचा दमसासाचा सराव, आणि कुणाला कळू नये म्हणून आटापिटा. मग एकदा रियाजात त्या कंटाळून खालीच थांबल्या. मंद्रसप्तकातल्या पंचमावर त्यांनी नुसता श्वास टेकला आणि तिथं त्यांना काहीतरी मिळालं. यमुनाताईंनी तिकडं कधी पाय ठेवला नव्हता. त्यांची सगळी कीर्ती वरच्या मजल्यावरची, आणि शर्वरीताईंचीही त्यांच्याच जिन्यानं मिळालेली. पन्नाशी उलटल्यावर शर्वरीताईंना पहिल्यांदाच वाटलं, की हे माझं आहे, हे मला कुणी दिलेलं नाही.

इचलकरंजीच्या मैफलीत त्यांनी ते घाबरतच पहिल्यांदा गायलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर गावोगाव तेच. ताईंना श्रोत्यांबद्दल इतका आदर यापूर्वी कधीच वाटला नव्हता. आपण उगाच घाबरत होतो, लोक आपल्याहून शहाणे आहेत, असं त्या ज्याला त्याला सांगत सुटल्या होत्या.

"ताई," ऋजुता म्हणाली, "कालच्या मैफलीचा तुकडा कुणीतरी नेटवर टाकलाय. ऐकता?"

"मी ऐकत नाही, माहितेय तुला."

"मग मला ओरडूही नका."

हे उत्तर बारा वर्षांत प्रथमच आलं होतं. ताईंनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि हात पुढं केला. ऋजुताने फोन त्यांच्या हातात दिला.

पडद्यावर त्या स्वतः बसल्या होत्या, कालच्याच जांभळ्या इरकलीत. डोळे मिटलेले, उजवा हात सावकाश जमिनीकडं उतरत चाललेला. तो हात त्या खालच्या पंचमाकडं जाताना कसा उतरतो, हे त्यांना आतून ठाऊक होतं. हात खाली गेला आणि आवाज वर गेला. काळी चारमध्ये, लखलखीत, यमुनाताईंच्या त्याच प्रसिद्ध वळणानं. समोरचे लोक "वाहवा" म्हणाले. ओठ शब्दांशी जुळत होते. गाणं मात्र त्यांचं जुनंच होतं.

त्यांनी तो तुकडा तीनदा ऐकला. दस्तगीरभाईंनी फोन कानाशी धरला आणि आपल्या बोटांकडं बघितलं, कारण त्यांची पेटीसुद्धा त्यात काळी चारमध्ये वाजत होती.

"या अल्ला," ते पुटपुटले. "मी रोज ऐकतोय बाई, तुमच्या मागं बसून. मला वाटलं, सगळेच ऐकतायत."

सभागृहातला आवाज तपासणाऱ्या कंठमुद्रा कार्यालयाला ताईंनी फोन लावला; निमकरांनी तो लगेच उचलला. शर्वरी हेर्लेकर हे नाव तिथं सगळ्यांना तोंडपाठ होतं, कारण त्या कार्यालयाच्या जन्माचं निम्मं श्रेय त्यांचंच होतं. आठ वर्षांपूर्वी कुणीही उठावं आणि कुणाचाही आवाज यंत्रातून काढावा, अशी बजबजपुरी माजली होती. ताईंच्या आवाजात लोणच्याच्या मसाल्याची जाहिरात झाली, एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं स्तवन झालं. तेव्हा गायक-वादक रस्त्यावर उतरले आणि सर्वांत पुढं ताई होत्या. मग कायदा आला. प्रत्येक कलाकाराच्या गळ्याचा ठसा म्हणजे कंठमुद्रा, सरकारदरबारी एकदाच नोंदवायची. प्रत्येक सभागृहाच्या ध्वनियंत्रणेत तपासनीस यंत्र बसवलेलं. गाणारा अस्सल असला की हिरवा दिवा, नकली असला की लाल. पहिली मुद्रा ताईंचीच घेतली गेली. तिथल्या मुलीनं सांगितलं होतं, तुम्हाला हवं ते मोकळेपणी गा. ताईंनी मात्र आरंभ गुरूच्या स्वरानं करायचा या संस्कारापोटी सगळेच्या सगळे नमुने हुबेहूब यमुनाताईंसारखे गायले होते. नमस्कार करावा तसं त्यांनी ते केलं होतं.

"तुमची तक्रार मला समजत नाहीये, ताई," निमकर म्हणाले. "वर्षभरात तुमच्या एकाही मैफलीला लाल दिवा लागलेला नाही."

"माझा आवाज लोकांपर्यंत पोचत नाहीये."

"पोचतोय की. तुमचा गळा मुद्रेपासून लांब गेला, की यंत्र त्याला सावरतं. शब्द तुमचे, श्वास तुमचा. पट्टी, आवाजाचा पोत आणि ताना मुद्रेतल्या. साथीची वाद्यंही तेवढीच वर नेतं. मंचावरच्या कर्ण्यांना हात लावत नाही, तिथं तुम्हाला तुमचाच आवाज ऐकू येतो, म्हणजे गाताना गोंधळ नको. ऐन मैफलीत घसा बसला तर पंचाईत होऊ नये, म्हणून कलाकारांनीच मागितलेली सोय आहे ही."

"माझा घसा बसलेला नाही. मी बदललेय."

"यंत्राला त्यातला फरक कळत नाही, ताई."

"मग सावरणं बंद करा."

"करतो. पण मग लाल दिवा लागेल, आवाज आपोआप तुटेल आणि तोतयेगिरीची नोंद होईल."

"कुणाची तोतयेगिरी?"

"तुमची."

ताईंनी एकेक वाट विचारून पाहिली. नवी मुद्रा घ्या म्हणाल्या, तर ती जुनीशी जुळायला हवी, नाहीतर उद्या कुणीही येऊन म्हणेल मीच शर्वरी हेर्लेकर. जुनी रद्द करा म्हणाल्या, तर रद्द झालेला आवाज मोकळा होतो, वाटेल त्यानं वाटेल तिथं वापरावा, लोणच्यालासुद्धा. ही कलमं कायदा होताना ताईंच्याच समितीनं घातली होती. ज्या दारांना त्यांनी हौसेनं कुलपं लावली होती, ती एकेक करून आतून हलवून पाहण्याची पाळी त्यांच्यावरच आली होती.

"एक विचारू?" निमकर हळूच म्हणाले. "बदलायचंच कशाला? आई माझी अंथरुणाला खिळून आहे. संध्याकाळी तुमची तीच तान लावली की तेवढा वेळ कण्हत नाही. लोकांना तुमचं तेच हवंय, ताई."

ते वाईट माणूस नव्हते. त्यामुळेच ताई, आईला जपा, एवढंच म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला.

खरं दुखत होतं ते वेगळंच. यंत्रावर रागावता आलं असतं, निमकरांवरही. पण वर्षभर ज्या टाळ्यांच्या बळावर त्या ताठ मानेनं चालत होत्या, त्या टाळ्या त्यांच्या नव्हत्याच. नवं गाणं लोकांना आवडलं होतं की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, कारण ते कुणी ऐकलंच नव्हतं. एका माणसाखेरीज.

"दस्तगीरभाई, तुम्हाला कसं वाटलं? तोंडदेखलं नको."

दस्तगीरभाईंनी पेटीचा भाता बंद केला. "रागवायचं नाही बाई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, आता आपली सुपारी बंद. एवढं सोन्यासारखं गाणं हातानं मोडतायत. मग तिसऱ्या-चौथ्या मैफलीला..." ते अडखळले. "घरी जाऊन तेच शोधत बसलो पेटीवर. सापडत नाही अजून. पेटीत बसत नाही ते."

ताईंनी तंबोरा ओढून घेतला, खुंट्या पिळून पांढरी चारला लावला आणि ऋजुताकडं तोंड केलं. इथं कर्णे नव्हते, दिवे नव्हते, मध्ये कुणी सावरणारं नव्हतं.

"आता ऐक."

त्या गायल्या. मुलतानीच गायल्या, खाली खाली उतरत, मंद्रातल्या पंचमाशी रेंगाळत. आवाजाला कड होती आणि एका ठिकाणी तो फाटलाही. त्यांनी तो झाकला नाही. ऋजुता बारा वर्षांच्या सवयीनं ओठ न हलवता मनात म्हणत होती, आणि पहिल्या काही आवर्तनांनंतर तिचं ते म्हणणं थांबलं. संपल्यावर बाहेरच्या रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू यायला लागला.

"बोल."

"खरं बोलू?"

"आज तरी बोल."

"मला ते जुनं जास्त आवडतं, ताई." ऋजुताचे डोळे भरून आले होते. "त्याच्यासाठीच तर मी आले तुमच्याकडं. हे... हे मला ओळखीचं वाटत नाही. एकटं एकटं वाटतं. भीती वाटली मला."

ताई हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. वर्षभरात त्यांच्या नव्या आवाजाला समोर बसलेल्या श्रोत्याकडून मिळालेली ही पहिली खरी दाद होती. नकाराची का होईना, पण त्यांच्या हक्काची. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"नाही आवडलं तर नाही आवडलं. पण उद्या कोल्हापूरला माझं गाऊ नकोस, ऋजुता. यमुनाताईंचंही नको. एकदा मुद्रेचा तो दगड कोरला की कोरला. जन्मभर त्याच्यातच राहावं लागेल तुला."

"मुद्रा दिली नाही तर एकही सभागृह दारात उभं करणार नाही."

"दे ना. पण तुझी दे."

"माझी म्हणजे कुठली?" ऋजुता म्हणाली. आता ती चिडली होती, किंवा घाबरली होती. तिच्या आवाजात दोन्ही होतं. "बारा वर्षं मी रोज सकाळी इथं बसून तुमच्यासारखं गायला शिकले. तुम्हीच शिकवलंत. चुकले की तुम्हीच ओरडलात. यातून तुम्हाला वजा केलं तर काय उरतं, मला माहीत नाही."

दस्तगीरभाई खिडकीबाहेर बघत राहिले.

"ताई, तुम्हाला तुमचा आवाज बावन्नाव्या वर्षी सापडला," ऋजुता म्हणाली. "मला माझा उद्या सकाळपर्यंत कुठून सापडणार?"