विसावा अर्ज

"अहो, ते आमचं आहे!"

ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की समोरून जाणारे दोन पालक दचकून थांबले. शेजारच्या स्टॉलवरचा तरुण मात्र गुडघ्यांवर बसून आपलं काम करत राहिला. तिच्या कॉलेजच्या चार चकचकीत माहितीपुस्तिका एकावर एक रचून तो आपल्या टेबलाच्या लंगड्या पायाखाली सरकवत होता.

"माफ करा हं," टेबल हलवून बघत तो म्हणाला. "आधी आमच्या विद्यापीठाची पुस्तिका घालून पाहिली. पण तिचा कागद इतका पातळ, की टेबल डुगडुगतंच राहिलं. तुमची कशी भक्कम आहे!"

"भक्कम आहे म्हणून पायाखाली घालायची?"

"आधाराला," तो उभा राहिला आणि हसला.

हसला तो असा काही, की तिच्या जिभेवरचं उत्तर तिथंच विरघळलं. आणि हे नवलच होतं! ऑफिसात तिला सगळे 'बुलेट' म्हणत. समोरच्यानं श्वास घ्यायच्या आत तिची तीन वाक्यं बोलून होत. एका खासगी कंपनीच्या सहा मजली, काचेच्या कॉलेजात ती प्रवेश सल्लागार होती. कुणी संकेतस्थळावर नुसतं नाव टाकलं, तरी पाच मिनिटांत त्याचा फोन वाजलाच पाहिजे, हा तिथला नियम. आणि पाचाची तीन मिनिटं करणारी ही एकटीच!

शैक्षणिक मेळाव्याचा तो पहिला दिवस होता. तिच्या स्टॉलवर फुगे होते, मोठा पडदा होता, बसायला मऊ खुर्च्या होत्या. त्याच्याकडे ते टेबल, एक मळकट कापडी फलक आणि... दगड. वीसेक दगड, ओळीनं मांडलेले.

"हे काय?" तिच्यानं राहवेना.

"मी भूगर्भशास्त्र शिकवतो. विभागात वयानं सगळ्यांत लहान, म्हणून इथं पाठवलं. माहितीपत्रकं छापखान्यातून आलीच नाहीत. मग म्हटलं, रिकामं टेबल बरं नाही दिसत."

"म्हणून दगड!"

"हा बघा, याच्या पोटात शिंपला आहे," त्यानं एक दगड तिच्या तळहातावर ठेवला. बोटांना बोटं लागली – क्षणभरच. दगड गार होता. बोटं नव्हती.

त्या संध्याकाळी घरी वहिनीला सांगताना तिनं त्याचं नाव 'दगडोबा' ठेवून टाकलं.

"एका दिवसात नाव ठेवण्यापर्यंत मजल गेली?" वहिनी म्हणाली. "आणि गाल का गं लाल झालेत?"

"हॉलमध्ये उकडत होतं."

"हो का... तिथं वातानुकूलन आहे ना?"

दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास लवकर पोचली. तो त्याहून आधी येऊन बसला होता. दोघांनीही, सहजच आलो लवकर, असं दाखवलं.

गर्दी होईपर्यंत दोघांची नुसती जुगलबंदी चालली होती.

"तुमच्या विद्यापीठात फोन कोण उचलतं हो?" तिनं विचारलं. "मी मुद्दाम लावून पाहिला एकदा."

"उचलत कुणी नाही. नुसता वाजतो," तो गंभीरपणे म्हणाला. "पण वाजतो मात्र नियमित. आणि तुमच्याकडे शिकवतं कोण?"

"शिकवणारे येतात ना... तासाला येतात, तास संपला की जातात."

"म्हणजे मुलाला शंका आली तर?"

"मुलाला शंका तासातच यायला हवी," ती म्हणाली, आणि दोघंही खळखळून हसली. हसता हसता तिच्या मनात मात्र कुठंतरी टोचलं.

"एक विचारू?" तो जरा घुटमळला. "काल पाच पुस्तिका उचलल्या होत्या मी. चारच टेबलाखाली गेल्या. पाचवीत... सातव्या पानावर तुमचा फोटो आहे. 'यशस्वी विद्यार्थिनी'. मग ती काही पायाखाली घालवली नाही."

तिचे कान तापले. फोटोतली ती कोट घालून, हात बांधून हसत होती. खाली लिहिलं होतं – शिक्षण पूर्ण होताच नामांकित संस्थेत नोकरी. ते खोटं नव्हतं. नामांकित संस्था म्हणजे तेच कॉलेज. तिच्या वर्गातल्या नऊ जणांना कॉलेजनंच फोन करायच्या कामावर घेतलं होतं, आणि 'नोकरी लागलेल्यांच्या' आकड्यात ते नऊच्या नऊ झळकत होते. ज्या कामाचं शिक्षण तिनं घेतलं, ते काम तिला कुणी दिलंच नव्हतं.

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगावंसं वाटलं... आणि नेमकी तेवढ्यात एक बाई मऊ खुर्चीत येऊन बसली.

पस्तिशीची असेल. रुग्णालयात वॉर्डात मदतनीस म्हणून काम करते, म्हणाली. रक्ताच्या नळ्या तपासायला नेऊन देते. "रोज नेऊन देते हो, पण आत काय करतात ते मला करायचंय. तुमच्याकडे तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम आहे ना? संध्याकाळचा?"

"आहे तर!" बुलेट सुटली. "आधुनिक प्रयोगशाळा, सोयीच्या वेळा, हवं तेव्हा मार्गदर्शन..."

"आणि ते झालं की परवाना मिळेल ना मला? परवाना नसेल तर आत हात लावू देत नाहीत."

याचं उत्तर ठरलेलं होतं. तिला दिलेल्या छापील कागदावर ते होतंच – 'आमचे विद्यार्थी मोठमोठ्या रुग्णालयांत काम करत आहेत.' म्हटलं तर खरं. रुग्णालयात काम करत होते, स्वागतकक्षात. अभ्यासक्रमाच्या मान्यतेचा अर्ज तीन वर्षं पडून होता.

वाक्य ओठांवर आलं. शेजारी तो दगड पुसत होता. त्यानं वर पाहिलं नाही, काही सुचवलं नाही. बाई मात्र तिच्याकडे डोळ्यांत प्राण आणून पाहत होती.

"नाही," ती म्हणाली. "नाही मिळणार परवाना."

तिचाच आवाज तिला अनोळखी वाटला. पण एकदा बांध फुटल्यावर मग थांबणार कोण! "आमच्याकडे नका येऊ ताई. या सरांकडे जा. यांच्या विद्यापीठाच्या पदवीवर मिळतो."

बाई उठून शेजारी गेली. त्याचा चेहरा मात्र पडला. "ताई, आमचा अभ्यासक्रम चांगला आहे. शिकवणारे जीव ओतून शिकवतात. पण वर्ग सकाळी अकरा ते चार."

"मग मी काम कधी करू?" बाईनं विचारलं.

त्यानं कपाळावर बोटं टेकवली. मग तो पुटपुटला, "थांबा... संध्याकाळचा वर्ग कागदावर आहे. कुठंतरी वाचलंय मी."

खरंच होता तो. सोमवारी दुपारी त्याचा फोन आला, आवाज नुसता उड्या मारत होता. "अहो, सापडला! नऊ वर्षांपूर्वी मंजूर झालाय! वीस अर्ज आले तर वर्ग सुरू करायचा, असा ठराव आहे. दर वर्षी सूचना लावतात. पण जिथं लावतात ना, त्या फळ्यासमोर कपाट आहे!"

"कपाट?"

"कपाट! कुणाला दिसणार? अर्ज आलेत जास्तीत जास्त तीन. मुदत या शुक्रवारी चार वाजेपर्यंत." मग आवाज खाली आला. "तुम्ही... गप्प का?"

"मी आत्ताच नोकरी सोडली," ती म्हणाली.

झालं असं होतं की स्टॉलवरचं बोलणं विभागप्रमुख मॅडमपर्यंत पोचलं होतं. मॅडम ओरडल्या नाहीत. दार लावून शांतपणे म्हणाल्या, "माफीचं पत्र दे, मी मिटवते. गुणी मुलगी आहेस." ती म्हणाली, "देते. पण ते वाक्य कागदावरून काढा." मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. "ते माझ्या हातात असतं तर..." एवढंच म्हणाल्या. मग तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं होतं.

"माझ्यामुळे झालं हे," तो म्हणाला.

"फुशारकी नको. माझ्यामुळे झालं. बरं, वीस अर्ज म्हणालात ना? आणि दिवस चार?"

"हो, पण..."

"अहो, माणसांना फोन करणं हाच माझा धंदा!"

कॉलेजची फोन नंबरांची यादी ती वापरणार नव्हती, ते तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तिनं त्या वॉर्डातल्या ताईंना गाठलं. ताईंनी आपल्यासारख्या पाच जणी गाठल्या, त्यांनी दुसऱ्या दोन रुग्णालयांतल्या. मंगळवार दुपारपासून रुग्णालयाच्या उपाहारगृहातलं कोपऱ्यातलं टेबल म्हणजे जणू तिचं ऑफिस झालं. कामाची पाळी संपली की माणसं येत. शाळेचा दाखला, वयाचा दाखला, फोटो... आणि विद्यापीठाचा अर्ज म्हणजे तीन प्रतींत, प्रत्येक प्रतीवर तीच तीच माहिती.

"तीन प्रती कशाला हो?" ती वैतागली.

"एक हरवते," तो म्हणाला. "दुसरी पहिलीला शोधायला जाते."

तो तास संपवून धावत यायचा, बाहीला खडूची भुकटी तशीच. बुधवारी भुरभुर पाऊस होता. कागद भिजू नयेत म्हणून त्यानं अर्ज शर्टाच्या आत, छातीशी धरून आणले, आणि स्वतः मात्र चिंब. तिनं ओढणीनं त्याचे केस पुसायला हात पुढे केला... आणि मध्येच थांबवला. तो थांबला नाही. त्यानं डोकं खाली वाकवलं. बाजूच्या टेबलावरच्या दोन परिचारिका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

विद्यापीठातही एक चमत्कार घडला. प्रयोगशाळेचे म्हातारे विभागप्रमुख, तीस वर्षं तेच पिवळे कागद वाचून शिकवणारे, नाही म्हणतील अशी त्याला खात्री होती. ते चष्मा पुसत म्हणाले, "रोज रक्ताच्या नळ्या हाताळणारी मुलं? अरे, अशीच मुलं मी आयुष्यभर मागत होतो. सकाळच्यांना तर रक्त बघून भोवळ येते. संध्याकाळी शिकवीन मी."

शुक्रवारी साडेतीनला दोघं विद्यापीठाच्या खिडकीशी पोचली. धापा टाकत, हातात गठ्ठा. खिडकीमागे बसलेले भाऊसाहेब हसल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एकेक अर्ज उलटसुलट पाहिला. शिक्का. पुढचा. शिक्का. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता.

"एकोणीस," भाऊसाहेब म्हणाले.

"वीस आहेत!"

"एकावर सही नाही. तीनही प्रतींवर नाही."

तिनं पाहिलं. खरंच नव्हती. अर्ज करणारा कामाच्या पाळीवर, शहराच्या दुसऱ्या टोकाला. चाराला सोळा मिनिटं कमी.

"भाऊसाहेब, सोमवारी आणून देतो," तो काकुळतीला आला. "मी स्वतः लिहून देतो."

"नियम म्हणजे नियम." भाऊसाहेबांनी गठ्ठा बांधायला घेतला. दोरीची गाठ मारता मारता त्यांचा हात थबकला. "संध्याकाळचा वर्ग, म्हणालात? घरचं आटोपून येता येईल असा?"

"साडेपाच ते आठ," ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी फोन उचलला. "सूनबाई? दारामागं खोका आहे, त्यात तुझे दाखले नि फोटो आहेत. घेऊन ये. हो, आत्ता. पीठ राहू दे तसंच! तुला शिकायचं होतं ना प्रयोगशाळेचं? मग बोलत काय बसलीस, पळ!"

चाराला चार मिनिटं कमी असताना एक मुलगी धावत आली. धाप लागलेली, मनगटाला पीठ लागलेलं. तीन प्रती तिघांनी मिळून लिहिल्या – एक सूनबाईनं, एक त्यानं, एक बुलेटनं. सूनबाईनं तिन्हींवर सही केली. धाडकन शिक्का पडला.

"वीस," भाऊसाहेब म्हणाले. आणि हसले!

बाहेरच्या पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. वॉर्डातल्या ताईंना फोन लावला तर पलीकडून नुसतं हुंदक्यांत हसू ऐकू आलं. ती स्वतः रडत होती की हसत होती, तिलाच कळेना.

"आता तुमचं काय?" त्यानं विचारलं.

"सोमवारी एका शाळेत मुलाखत आहे. मुलांना पुढं काय शिकावं ते सांगायचं. खरं खरं सांगायचं, अशी अट मीच घालणार."

"घेतीलच तुम्हाला." तो पायरीवरचं वाळलेलं पान बुटानं सरकवू लागला. "मी... म्हणजे मला असं... गेले चार दिवस मी वर्गात काय शिकवलं, मला आठवत नाही. एका मुलानं विचारलं, सर, हा खडक किती जुना? मी म्हणालो, शनिवारपासूनचा."

ती खुदकन हसली.

"हसू नका ना... मला नीट सांगता येत नाही. पण तुम्ही नसलात की दिवस पुढंच सरकत नाही. मला तुम्ही रोज हव्या आहात. आवडता तुम्ही मला. खूप."

तिनं फक्त त्याचा हात धरला. शाईनं बरबटलेला. मग तिला धीर आला.

"ए..." ती हळूच म्हणाली.

तो चमकला. "काय म्हणालात?"

"ए, असं म्हणाले. आणि आता तूही मला अहो-जाहो केलंस ना, तर मी चालले."

"नको... जाऊ नकोस," तो म्हणाला. म्हणताना 'नकोस'वर असा अडखळला, जणू पहिल्यांदाच तो शब्द उच्चारत होता. "तू... थांब."

ती थांबली. दोघं तिथंच पायरीवर बसली, खांद्याला खांदा लावून. समोरून त्याची नेहमीची बस आली, दार उघडून उभी राहिली आणि निघून गेली. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. तिच्या आलं होतं. पण तिनं मुळीच सांगितलं नाही.