भाडेकरूसकट घर

“एक सांगून ठेवतो मॅडम,” दलाल छत्री झटकत म्हणाला होता, “घर घ्या, नका घेऊ, पण भाडेकरूच्या हातचा चहा पिऊ नका. एकदा त्याचा चहा पोटात गेला की भाडं वाढवायला तोंड उघडत नाही.”

तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. तिचं सगळं लक्ष आभाळाकडे होतं. उन्हात काय, सगळीच घरं देखणी दिसतात. घर बघायचं ते धो-धो पावसात, म्हणजे छत स्वतःच्या तोंडाने सगळं कबूल करतं. म्हणून तर लेकीला, चिमणीला, कडेवर घेऊन अर्धीअधिक भिजलेली ती सगळ्यात वरच्या मजल्यावर येऊन उभी होती. दलाल खाली फोनवर अडकला होता.

दार उघडलं. समोर उंचसा माणूस, हातात पातेलं.

“घर बघायला? अशा पावसात?”

“पावसातच.”

त्याने तिच्याकडे असं निरखून पाहिलं, की आता विचारेल, खालची ओळ वाचता येते का. (नंतर कळलं, तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा.)

“या. हे पातेलं इथे लागतं.” टप्… टप्… “इथे गळतं. त्या भिंतीला ओल येते. बाथरूमचं दार फुगतं, आत अडकलात तर हाका मारायच्या. पाणी मनात आलं तर येतं. आणि शेजारचे काका… भिंतीपलीकडून घोरतात.”

“अगंबाई! आणि तुम्ही हे कधीपासून सोसताय?”

“नोकरी लागली तेव्हापासून.”

“मग सोडत का नाही?”

तेवढ्यात चिमणीने खाली उतरून पातेल्यात हात मारला… छप्प!

“सकाळी या खिडकीतून ऊन येतं,” तो हळूच म्हणाला. “नव्या मालकाने मला काढलं, तर असं ऊन कुठे मिळायचं?”

“म्हणून घाबरवताय मला?”

“थोडंसं… जमतंय का?”

“नाही,” ती ओले केस मागे सारत म्हणाली. “चहा आहे?”

चहा झाला. त्याने दाखवलेला एकेक दोष तिने घर विकणाऱ्या आजींपुढे मांडला आणि भाव बराच खाली आणला. बिचारा! तिला पळवून लावायला गेला आणि तिचंच काम सोपं करून बसला.

घरी मात्र स्फोट झाला. नवऱ्यापासून घटस्फोट घेतल्यावर ती माहेरी, दादाकडे राहत होती. दिवसभर लॅबमध्ये रक्त तपासायची.

“राहायचं इथे आणि घर घ्यायचं परक्या माणसासाठी?” दादा ओरडला. “डोकं ठिकाणावर आहे ना?”

“परक्यासाठी नाही, चिमणीसाठी. रिकामं घर घेतलं तर हप्ता पहिल्या दिवसापासून एकटीच्या अंगावर. त्या घराचं भाडं आधीच चालू आहे. त्यातून हप्त्याचा मोठा वाटा निघेल, उरलेला मी भरेन. ती कॉलेजात जाईपर्यंत कर्ज फिटलेलं असेल.”

“आणि भाडेकरू पळाला तर?”

त्याच भीतीने तिची झोप उडालेली होती. म्हणून तर काही महिन्यांचे हप्ते तिने आधीच वेगळे काढले होते. मरण आलं तरी त्यांना हात लावायचा नाही. पण दादापुढे ती एवढंच म्हणाली, “पळाला तर दुसरा बघेन. चुकेन, शिकेन. सही माझी आहे.”

घर नावावर झाल्यावर पहिलं काम तिने छताचं केलं. पुढचा पाऊस आला तसा त्याचा फोन आला.

“मालकीणबाई, तक्रार आहे.”

“आता काय?”

“छत गळत नाही.”

“ही तक्रार?”

“मग तुम्ही येणार कशाच्या निमित्ताने?”

ती हसली… आणि गेली. कधी नळाच्या, कधी दाराच्या निमित्ताने जात राहिली. कराराची बारीक अक्षरं वाचून डोळे दुखतात म्हणाली, तर त्याने तिला दुकानात बोलावलं. अंधाऱ्या खोलीत काच बदलत त्याने विचारलं, “आता स्पष्ट… की आता?”

“आता.”

“पण तुम्ही तक्त्याकडे बघतच नाही आहात.”

“तक्ता नंतर बघेन,” ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा सगळ्यात खूश झाला तो दादा. “घर आयतंच आहे, तिथेच राहा. नाहीतर विकून टाक, नव्या पुलामुळे भाव चढलाय, पैसा माझ्या दुकानात फिरवू.” आई चाचरत म्हणाली, “निदान त्यांच्या नावावर तरी कर गं. बरं दिसतं.”

ती तडक त्याच्याकडे गेली. चप्पलही न काढता दारातच म्हणाली, “मी इथे राहायला आले तर भाडं थांबेल. हप्ता एकटीला झेपायचा नाही. विकणार नाही, घरावरचं नावही बदलणार नाही. आता घर की मी, असं तुम्ही विचारलंत तर—”

“तर?”

“विचारू नका. मला दोन्ही हवंय!”

त्याने एकदा खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं. “मालकीणबाई… मी घर सोडतो.”

“म्हणजे… नाही म्हणताय?”

“आमच्या दुकानामागे दोन लहान खोल्या रिकाम्या आहेत. यापेक्षा स्वस्त. तिथे आपण तिघं राहू. दोघांचा पगार आहे, भागेल. इथे नवा भाडेकरू आणा. फक्त… फार देखणा नको.”

“आणि तुमचं ऊन?”

“तुम्ही दोघी येताय ना?”

ती रडली, हसली, मग दारातच त्याचा हात घट्ट धरून उभी राहिली. बघू दे कोणाला बघायचंय ते!

“स्वतःचं घर असताना भाड्याच्या खोलीत?” दादाने कपाळावर हात मारला. “लोक काय म्हणतील?”

“लोक हप्ता भरणार आहेत का?”

लग्न झालं. भाडेकरू म्हणून एक जाडजूड शिक्षक आले. शेजारच्या काकांपेक्षा तेच जोरात घोरतात म्हणे. आणि दोन खोल्यांत तिघं एकमेकांच्या पायात अडखळत, भांडत, मजेत राहताहेत.

पण सगळ्याच जणींना असा माणूस भेटत नाही. तुमची एखादी बहीण, एखादी मैत्रीण असेल, जिने पै-पै साठवून स्वतःचं काही घेतलं होतं आणि लग्नानंतर जी जरा कमी बोलायला लागलीय. आज तिला फोन करा. खुशाली विचारा, चार इकडचं-तिकडचं बोला. आणि मग हळूच विचारा… “घर अजून तुझ्याच नावावर आहे ना गं?”