रखमाजीचा दिवा

सासूला स्कूटरवर मागं बसवून न्यायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. त्या दिवशी दुपारी दौंडहून निघालो तेव्हा आमच्या मामींच्या मांडीवर कणकेचा डबा होता, आणि मोकळ्या हातानं त्यांनी माझा शर्ट असा आवळला होता की मला गळफासच लागायचा.

"हनुमंतराव, सावकाश. फुडं खड्डा हाय."

मोतीबिंदूनं त्यांना माझं तोंडसुद्धा धड दिसत नाही, पण खड्डे दिसतात.

मामी म्हणजे कुशाबाई, माझ्या शितलची आई. त्यांचं गाव भीमेच्या फुगवट्याच्या काठी. चाळीसेक वर्षांपूर्वी, धरणाचं पाणी नवं नवं चढलं तेव्हा तिथं पॅसेंजर लाँच चालायची. पलीकडच्या बाजाराला जायला दुसरी वाट नव्हती. लाँच चालवायचे माझे सासरे, रखमाजी. मार्गशीर्षातल्या अमावस्येला ती काठापासून थोड्याच अंतरावर उलटली. सासरे गेले, अर्धं गाव गेलं. साहेब आले, चौकशी झाली. मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून दोष चालकावर आला. त्यानं जास्त माणसं भरली, असं ठरलं. तशी साक्ष दिली होती गेणबानं. तो वाचलेल्यांपैकी एक, तेव्हा मिसरूडही न फुटलेलं धनगराचं पोर.

तेव्हापासून त्या अमावस्येला दिवेलागणीच्या वेळी सगळी घरं काठावर येतात. आपापल्या माणसाच्या नावानं कणकेचा दिवा द्रोणात ठेवून पाण्यावर सोडतात. रखमाजींचा दिवा मात्र सोडू देत नाहीत. मामी तो दरवर्षी घराच्या उंबऱ्यावर लावायच्या. यंदा मला म्हणाल्या, "फुडल्या साली दिवा दिसंल न दिसंल. यंदा त्यो पाण्यावर जाऊ दे. मग डोळं गेलं तरी चालंल."

मला ही बाई फार आवडते, सांगूनच टाकतो. मला नाही म्हणता आलं नाही.

आम्ही काठावर पोचलो तेव्हा दिवे सोडून झाले होते. वारा धरणाच्या अंगाला होता, दिवे पार लांब गेले होते. मामी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी दिवा लावून द्रोण पाण्यावर ठेवला. तेवढ्यात घोंगडी सावरत गेणबा पुढं आला. आता तो गावातला जाणता माणूस, सगळे त्याला आप्पा म्हणतात.

"वहिनी, हे बरं न्हाई. ज्यानं बुडवलं त्याचा दिवा बुडालेल्यांत?"

"आप्पा, एका दिव्यानं काय पाणी पेटतंय का?" मी म्हणालो.

त्यानं काठी उचलली. द्रोण उलटवणार होता तो. पण काठी तशीच वर राहिली, कारण लांब गेलेले दिवे थांबले होते.

मग ते परत यायला लागले... वाऱ्याच्या उलट.

पाण्यावरून डिझेलचा वास आला. तिथली लाँच बंद होऊन किती वर्षं झाली असतील! दिवे जवळ आले आणि समोरासमोर दोन ओळींत लागले, बाकावर माणसं बसावीत तसे. मामींचा दिवा आपसूक सरकला आणि दोन्ही ओळींच्या मागं, सुकाणूच्या जागी जाऊन थांबला. पण पुढं कुणीच हलेना. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे सगळे दिवे जागच्या जागी.

आणि पाण्यातून एक कोकरू ओरडलं.

आमच्या त्या गावात आता मेंढरू औषधालासुद्धा नाही. सगळा ऊस झालाय.

"गेणू..." पुरुषाचा आवाज. हळू, अगदी शेजारी बसून बोलावं तसा. "तुजं कोकरू... घे की..."

मामींनी माझा शर्ट धरला. "त्यांचाच आवाज हाय," त्या पुटपुटल्या.

गेणबा मटकन पाण्यातच बसला. "आजारी हुतं वो त्ये... डागदराकडं न्यायचं हुतं. रखमाजीदादा म्हनले, घे पोटाशी आन् बस. लाँच सुटली, आन् त्ये वरडलं... काठावरनं त्याची आय झेपावली... आन् तिच्या मागं..."

पुढचं सांगायची गरज नव्हती. काठावरचं प्रत्येक घर मेंढरामागं हिंडलेलं. एक मेंढी उडी मारते, मग बाकीच्या विचारत बसत नाहीत. अख्खा कळप लाँचच्या एका बाजूवर कोसळला होता. अंधारात बुडणाऱ्याला अंगावर काय पडलं ते काय कळणार?

"कळप कोंडल्याबिगर कोकरू उचलू न्हाई, बारकं पोरबी सांगंल. म्या उचललं. आन् साहेबाला माणसांचं सांगितलं."

"ठावं हाय मला," मामी म्हणाल्या. "त्यांची मूठ उघडली तवा लोकर निघाली हुती."

"मंग वहिनी, बोलला का न्हाई?"

"पोर हुतास रं तू. त्यांनी तुला बसवलं, म्या कशी उतरवू?"

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. गेणबानं रडत रडतच हात पुढं केले आणि मामींचा दिवा हलला. त्यामागोमाग दोन्ही ओळी निघाल्या, वाऱ्याला न जुमानता, थेट पलीकडच्या काठाकडं. मामींना त्यातलं किती दिसलं देव जाणे, पण त्या नव्या नवरीसारख्या हसत होत्या.

"गेला बाई. मानानं गेला."

गेणबा उठला. दोन्ही हात घोंगडीच्या आत, छातीशी घट्ट. आतून पाणी गळत होतं. "गार हाय," तो स्वतःशीच म्हणत होता. "लई गार हाय रं तू..." तो तसाच घराकडं चालू लागला. घोंगडीत काय आहे, ते कुणीच विचारलं नाही.

मी मामींना स्कूटरवर बसवलं. किल्ली फिरवणार, तोच मागं पाण्यात डुबुक वाजलं. काहीतरी काठावर चढलं आणि अंग झाडल्याचा आवाज आला. मग दुसरं... मग आवाज थांबेचनात. ओल्या लोकरीचा वास आमच्या दोन्ही बाजूंनी पुढं गेला. रस्त्यावर काहीच नव्हतं. फक्त गेणबाच्या घराकडं जाणारी धूळ भिजत चालली होती.

"मामी..." मी म्हणालो.

मामींनी माझा शर्ट घट्ट धरला.

"कोकरू नेलं न्हवं का त्यानं?" त्या हळूच म्हणाल्या. "मंग ती मागं येणारच."