साडेतेरा वाट्यांचा घोळ

"साडेतेरा वाट्या," मापाडी म्हणाला.

"किती?" मी ओरडलेच.

"साडेतेरा. तू सांगितलं होतंस अगदी तसंच."

मापाडी म्हणजे आमचा यंत्रमानव. पृथ्वीवर बाजारात धान्य मोजून देणाऱ्या माणसाला मापाडी म्हणतात. आमचा हा लोखंडी गडीही दिवसभर काही ना काही मोजत असतो, म्हणून आबांनी त्याला ते नाव दिलं. तो खोटं बोलत नाही आणि गणितात चुकत नाही. माझं डोकं फिरलं ते त्यामुळेच. वांग्याच्या वाफ्याला आज चोवीस वाट्या पाणी मिळायला हवं होतं. मग हे साडेतेरा कुठून उपटले?

आधी माझी ओळख करून देते. मी शाल्मली फिरके, वय वर्षं अकरा, मुक्काम चंद्र. आमची वस्ती जमिनीखालच्या एका लांबलचक बोगद्यात आहे. तिथेच हरितगृह (झाडं वाढवण्यासाठी बांधलेलं बंदिस्त घर) आहे. चंद्रावर एकदा सूर्य उगवला की पृथ्वीवरचे जवळजवळ चौदा दिवस मावळत नाही, आणि मावळला की तितकेच दिवस उगवत नाही. ऊन असतं तेव्हा वीज भरपूर, म्हणून हरितगृहातले दिवे झगझगीत. रात्र सुरू झाली की वीज जपून वापरायची, म्हणून दिवे मंद. दिवे झगझगीत असले की झाडांचं बाष्पोत्सर्जन (पानांमधून पाणी वाफ होऊन हवेत जाणं) वाढतं आणि त्यांना जास्त तहान लागते.

म्हणून मी वाफ्याची जबाबदारी घेतली त्या पहिल्याच रात्री मापाडीला सूचना दिली होती. "आत्ता रोज सोळा वाट्या देतोयस ना? दिवस उगवला की निम्म्याने वाढव. रात्र झाली की निम्म्याने कमी कर. असंच चालू ठेव." सोळाचे निम्मे आठ, म्हणजे दिवसा चोवीस आणि रात्री पुन्हा सोळा. एवढं सांगून मी मोकळी झाले आणि पुढचे दोन महिने वाफ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आता लाज वाटते, पण खरं ते खरं.

आज तिसऱ्यांदा दिवस उगवला होता आणि वांग्याची सहाही झाडं मान टाकून उभी होती. फुलं येत होती आणि गळून पडत होती. वाफ्यांची वाटणी बघणाऱ्या हेमांगीताई दाभाडे कालच बजावून गेल्या होत्या, "शाल्मली, चंद्राच्या मातीत वांगं काही रुजत नाही बघ. परवा हा वाफा उपटायचा आणि पालक लावायचा. जागा अडवून ठेवता येत नाही गं."

उपटायचा! हे बियाणं आबांनी फैजपूरकडच्या शेतातून आणलं होतं. आबा म्हणजे माझे आजोबा, वनस्पतिशास्त्रज्ञ. चंद्रावर येताना जेमतेम बारा बिया आणायची परवानगी मिळाली. त्यातल्या सहा उगवल्या. आता डबीत एकही बी शिल्लक नव्हती. आबा बोलून दाखवत नसत, पण चंद्रावर स्वतःच्या हातचं भरीत खायचं हे त्यांचं कधीचं स्वप्न होतं. आणि माझ्या हलगर्जीपणामुळे ते मातीत जाणार होतं.

मी आधी गळती शोधली. नळीच्या प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं. सगळं कोरडं ठणठणीत! मग टाकी पाहिली. पाणी गळत असेल तर टाकीत कमी भरायला हवं की नाही? तर टाकीत मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्तच पाणी होतं. आता मात्र मी पुरती चक्रावले. झाडांना पाणी कमी मिळतंय, पण पाणी कुठे गेलेलंच नाही!

"मापाडी, तू बिघडलायस," मी म्हणाले.

"मी बिघडलेलो नाही."

"बिघडलेला प्रत्येक जण असंच म्हणतो."

त्याचे डोळे दोनदा लुकलुकले. त्याला वाईट वाटतं की नाही मला माहीत नाही, पण मला वाटलं. तरी मी त्याला ओढतच स्वयंपाकघरात आबांकडे नेलं.

आबा वरण-बट्टीसाठी कणीक तिंबत होते. कोपरापर्यंत पीठ. मी सगळा पाढा वाचला आणि शेवटी म्हणाले, "निम्म्याने वाढवलं, निम्म्याने कमी केलं, म्हणजे होतं तिथेच यायला हवं ना, आबा?"

आबांनी कणकेतून हात बाहेर काढले. कपाळाला आठ्या घातल्या. "यायला तर हवं," ते पुटपुटले. "तू सूचना दिलीस तेव्हा मी तिथेच होतो की. मीही मान डोलावली होती."

म्हणजे आबाही गोंधळले! मला जरा बरं वाटलं आणि जरा भीतीही वाटली.

"तोंडाने बोलून उपयोग नाही," आबा म्हणाले. "हाताने करून बघू. हे घे कणकेचे गोळे. ओट्यावर चार मांड."

मी चार गोळे मांडले.

"दिवस उगवला. निम्म्याने वाढव."

चारचे निम्मे दोन. मी दोन गोळे आणखी ठेवले. सहा झाले.

"आता रात्र झाली. निम्म्याने कमी कर. तू आणि मापाडी, दोघंही एकदम हात घाला."

माझा हात झटकन पुढे गेला आणि मी दोन गोळे उचलले. मापाडीच्या पंजात तीन गोळे होते. ओट्यावर एकच गोळा उरला.

"ए! निम्मे म्हणजे दोन!" मी म्हणाले.

"निम्मे म्हणजे तीन," मापाडी म्हणाला.

"आत्ताच तर दोन वाढवले होते. तेच निम्मे!"

"तेव्हा समोर चार होते. आता समोर सहा आहेत. मी समोरच्याचे निम्मे घेतले."

मी आबांकडे पाहिलं. आबा हातातलं पीठ विसरून त्या एकट्या गोळ्याकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, "अरे बाप्पा! शाल्मली, तुझे गोळे परत ठेव आणि मला सांग, तू दोन काढलेस ते कशाचे निम्मे?"

"चारचे."

"पण चार आहेत कुठे?"

मी माझे दोन परत ठेवले आणि मापाडीच्या पंजातले तीन धरून मोजले. सहाच होते. चार मघाशी होते. आता नव्हते.

तरी माझ्या डोक्यात काही बसेना. "पण निम्मं म्हणजे निम्मंच ना? निम्मं बदलतं कसं?"

आबांनी परातीतली उरलेली कणीक घेऊन एक नारळाएवढा गोळा केला आणि एक लिंबाएवढा. "दोन्ही निम्मे कर."

मी सुरीने दोन्ही कापले.

"आता दोन्हींचा निम्मा निम्मा भाग हातात घे. सारखे आहेत?"

सारखे कुठले! एका हाताला वजनच जाणवत नव्हतं. दोन्हीही निम्मेच होते, मी स्वतः कापले होते, आणि तरी त्यांची काही बरोबरीच नव्हती.

"निम्मं हे अपूर्णांकाचं (पूर्ण वस्तूच्या भागाचं) नाव आहे," आबा म्हणाले. "ते एकटं असतं तेव्हा त्याला आकारच नसतो. कशाचं निम्मं, हे सांगितलं की मग त्याला आकार येतो. ते 'कशाचं' बदललं की निम्मंही बदलतं."

"म्हणजे वाढवताना लहान आकड्याचं निम्मं वाढलं..." मी हळूहळू म्हणाले.

"आणि?"

"आणि कमी करताना मोठ्या आकड्याचं निम्मं गेलं. येताना थोडं आणि जाताना जास्त!"

मी ओट्यावर पीठ पसरलं आणि बोटाने लिहायला लागले. पहिली रात्र, सोळा. पहिला दिवस, सोळा अधिक आठ, चोवीस. इथपर्यंत ठीक. दुसरी रात्र, चोवीसचे निम्मे गेले, उरले बारा. सोळा नाही, बारा! दुसरा दिवस, बारा अधिक सहा, अठरा. तिसरी रात्र, नऊ. आणि आज, नऊ अधिक साडेचार.

साडेतेरा.

पाणी गळलं नव्हतं, कोणी चोरलं नव्हतं. ते टाकीतून निघालंच नव्हतं. आणि मापाडी एका थेंबानेही चुकला नव्हता.

"मापाडी," मी म्हणाले, "मी तुला बिघडलेला म्हणाले. चुकलं माझं."

"नोंद केली," मापाडी म्हणाला. एवढंच! पण त्याने पंजातले तीन गोळे एकेक करून माझ्यासमोर ठेवले.

"आता हे सांग," आबा म्हणाले, "सहाचे पुन्हा चार करायचे तर सहाचा कितवा भाग काढायचा?"

हे मात्र अवघड होतं. दोन काढायचे हे दिसत होतं, पण दोन म्हणजे सहाचा कितवा भाग? मी गोळे एका ओळीत लावले, मग गोल मांडले, मग कंटाळून दोन-दोनच्या जोड्या केल्या. तीन जोड्या झाल्या. त्यातली एक जोडी बाजूला सरकवली आणि माझे डोळे मोठे झाले.

"तीन सारख्या भागांतला एक! एकतृतीयांश! निम्म्याने वाढवलं तर परत यायला एकतृतीयांशाने कमी करायचं!"

"चोवीसवर करून बघ."

चोवीसचे तीन सारखे भाग, आठ-आठचे. एक काढला, उरले सोळा. बरोब्बर!

त्या दिवशी मापाडीला मी नवी सूचना दिली, आणि या वेळी 'निम्म्याने' वगैरे भानगडच ठेवली नाही. दिवसा चोवीस वाट्या, रात्री सोळा. तो म्हणाला, "ही सूचना जास्त सोपी आहे." आबा मिशीत हसले.

पण खरी परीक्षा पुढेच होती. ठरलेल्या दिवशी सकाळी हेमांगीताई हातमोजे घालून आणि पालकाची रोपं घेऊन हजर झाल्या. झाडं थोडी ताठ झाली होती, पण फळाचा पत्ता नव्हता.

"ताई, दोष मातीचा नाही," मी म्हणाले. "दोष माझ्या निम्म्याचा आहे."

"काय म्हणालीस?"

मी त्यांच्या ट्रेमधली पालकाची चार रोपं वाफ्याच्या कडेला मांडली. निम्म्याने वाढवायला सांगितलं. त्यांनी दोन ठेवली. "आता निम्म्याने कमी करा."

हेमांगीताईंनी पटकन दोन रोपं उचलली. मग खाली राहिलेल्या चारकडे पाहिलं, हातातल्या दोनकडे पाहिलं आणि त्यांचा हात हवेतच थांबला.

"अगं पण..." त्या म्हणाल्या. वस्तीच्या बाकी सगळ्या वाफ्यांचं पाणी त्याच ठरवत असत. "मग दुधी? दुधीलाही मी असंच सांगितलंय की काय?"

त्यांनी पालकाचा ट्रे उचलला आणि दुधीच्या वाफ्याकडे जवळजवळ धावतच निघाल्या. जाता जाता ओरडल्या, "वांग्याला पुढची रात्र आणि पुढचा दिवस दिला! त्यानंतर बघू!"

पुढच्या रात्री मी रोज वाफ्याजवळ जायचे आणि मापाडीबरोबर वाट्या मोजायचे. सोळा म्हणजे सोळा. दिवस उगवला आणि चोवीस सुरू झाल्या, तेव्हा दोन झाडांना फुलाच्या देठाशी हिरवट काहीतरी फुगलेलं दिसलं. दिवस सरता सरता ती वांगी माझ्या दोन मुठींएवढी झाली. गळालेली फुलं काही परत येणार नव्हती, पण ही दोन मात्र खरी होती.

आबा वाफ्यासमोर उकिडवे बसले. एका वांग्यावरून बोट फिरवलं आणि चष्मा पुसला. चष्म्याला काहीही लागलेलं नव्हतं.

"भरीत करू या, आबा," मी म्हणाले.

"सगळं नाही खायचं, पोरी. बियाण्याला निम्मं ठेवायचं."

मापाडीचे डोळे लुकलुकले. "कशाचं निम्मं?"

आबा आणि मी एकमेकांकडे पाहून इतके हसलो की हेमांगीताई दुधीच्या वाफ्यातून डोकावल्या.

"दोन वांग्यांचं," मी म्हणाले. "एक भाजायचं, आणि एक झाडावरच पिवळं होईपर्यंत पिकू द्यायचं."

"पिकलेल्या वांग्यात किती बिया असतील?" मापाडीने विचारलं.

"शेकड्यांनी," आबा म्हणाले.

"मग मला जास्त वाट्या लागतील," मापाडी म्हणाला, आणि रिकामे वाफे मोजायला निघून गेला.